मंडळीत आता माझं काहीच काम उरलं नाही, मग देवासमोर माझी जागा कोणती?

सीमेवरची सून, बेळगाव

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

लग्न होऊन बेळगावात आले तेव्हापासून मी मंडळीच्या कामात आहे. रविवारी मराठी उपासनेच्या आधी संडेस्कूल, मग क्वायर, बुधवारी महिला समाज, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा. हंगामाच्या सणाला लिलावाच्या भोपळ्यांना आणि केळीच्या घडांना चिठ्ठ्या लावायच्या, त्या मीच. डिसेंबर लागला की कॅरलची पोरं घेऊन टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत फिरायचं आणि रात्री थंडीत एकेकाला त्याच्या दारात सोडून मगच घरी यायचं. ईस्टरआधीच्या लेंटमधले उपवास, महिन्याच्या पहिल्या रविवारी दशांशाचं पाकीट, गुड फ्रायडेला प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एखाद्यावर बोलणं. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय मला अख्खा पाठ आहे, त्याचं बक्षीस अजून शोकेसमध्ये आहे. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. माझा आठवडा कशानं भरलेला असायचा ते कळावं म्हणून लिहितेय.

पावसाळ्यात मामंजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सासूबाई नाहीत. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टवर असतो. त्यामुळं उठवणं, बसवणं, अंग पुसणं, पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. रविवारी सकाळी चर्चची वेळ होते तेव्हा मी त्यांची चादर धूत असते. एकेक काम सुटत गेलं. संडेस्कूलचं रजिस्टर दुसऱ्या बाईंकडे दिलं, क्वायरमध्ये माझ्या जागी एक मुलगी उभी राहते, चांगली गाते.

वार्षिक सभेत अहवाल वाचतात, सेवा करणाऱ्यांची नावं घेतात. यंदा त्यात माझं नाव नव्हतं. तक्रार नाही. काम केलं नाही तर नाव कशाला येईल? नंतर खडेबाजारात मंडळीतल्याच एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "हल्ली दिसत नाहीस की गं. प्रभूसाठी वेळ नाही वाटतं?" त्यांनी सहज विचारलं असेल, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही.

माझं दुखणं असं आहे. पूर्वी रात्री प्रार्थनेला बसले की प्रभूपुढं मांडायला काहीतरी असायचं. आज या मुलाला वचन शिकवलं, त्या घरी जाऊन आले. आता मांडायला काही नसतं. बसल्या बसल्या डोळा लागतो आणि 'आमेन'सुद्धा म्हटलेलं नसतं. सकाळी उठल्यावर वाटतं, मी आता कोण आहे? कुणाच्या उपयोगाची?

आपलं तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, हे मला माहीत आहे. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय मीच पोरांकडून घोटून घेतलाय. म्हणून कृपा करून मला नुसती वचनं पाठवू नका. तोंडपाठ असलेली गोष्ट आत कशी उतरते ते कुणी सांगेल का?

आणखी एक. मामंजी कित्येक वर्षं रविवारचं शास्त्रवाचन करायचे. त्यांच्या बायबलात लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. आता ते बायबल समोर धरलं की डाव्या हातानं ढकलतात आणि रडतात. माझ्या मनात जे चाललंय तेच त्यांच्याही मनात असावं असं मला वाटतं.

---

खासबागचे काका

ताई, सलाम. मी पॉवरलूमच्या मालकाकडे हिशेबनीस होतो, आता घरीच असतो.

आमच्याकडे विणकराला नगावर मजुरी. साडी उतरली की पैसे. ताप आला, लाईट गेली, सूत तुटत राहिलं, तर त्या आठवड्याचा रकाना कोरा. तो रकाना मी लिहायचो. शनिवारी कोऱ्या रकान्याचा माणूस समोर उभा राहिला की त्याला मान वर करता यायची नाही. कितीही राबणारा माणूस असला तरी. तुझं लिहिणं वाचताना तोच चेहरा माझ्यापुढं आला. तू देवाकडे नगावर आहेस असं धरून चालली आहेस, आणि आता माग बंद पडलाय. पण त्यानं तुला मजुरीवर ठेवलंच नव्हतं गं. घरात घेतलंय, लेक म्हणून.

वचनं नकोत म्हणालीस, तरी लूकाचा दहावा अध्याय एकदा नावांच्या यादीच्या बाजूनं वाच. प्रभूनं सत्तर जणांना जोडीजोडीनं गावोगाव पाठवलं. ते आनंदानं परत आले आणि सांगू लागले की तुमच्या नावानं भुतंसुद्धा आमच्या ताब्यात येतात. वार्षिक अहवाल म्हटला तर याहून चांगला कुणाचा असणार? प्रभूनं त्यांच्या कामाला नावं ठेवली नाहीत. पण म्हणाला, याचा आनंद मानू नका. तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. ती नावं अहवाल ऐकून लिहिलेली नव्हती. म्हणजे अहवाल कोरा गेला म्हणून ती खोडलीही जात नाहीत. तुमच्या सभेत जी यादी वाचली ती कामाची यादी होती. ती वाचावीच, कामं करणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. फक्त ती यादी म्हणजे ही यादी नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रभूचा स्वतःचा बाप्तिस्मा. यार्देन नदीतून वर आला आणि वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोपर्यंत त्यानं काय केलं होतं? एक आजारी बरा केलेला नाही, एक प्रवचन दिलेलं नाही. नासरेथात सुतारकाम करून घर चालवत होता. बापाचा संतोष सेवेच्या आधी आला. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः वही मिटून बसलो होतो.

आणि आपण मेथडिस्ट. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, पुढं ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं, आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या घराण्यातले आपण झालो. त्या वेस्लीचं तरी काय झालं होतं? ऑक्सफर्डमध्ये शिकवायचा, १७२८ मध्ये रीतसर पाळकाची दीक्षा घेतली, बुधवार-शुक्रवार उपास, तुरुंगात कैद्यांना भेटी, गरिबांना पैसे. दिवसाच्या तासातासाचा हिशेब डायरीत. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून मिशनरी होऊन अमेरिकेत जॉर्जियाला निघाला. जानेवारी १७३६ मध्ये वाटेत वादळ झालं, शीड फाटलं, जहाजात पाणी शिरलं. इंग्रज किंचाळू लागले, आणि मोरावियन मंडळीचे जर्मन लोक स्तोत्र म्हणत होते ते म्हणतच राहिले. वेस्लीनं नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? तुमच्या बायकापोरांना? तो म्हणाला, आमची बायकापोरं मरणाला भीत नाहीत. एवढे उपास करूनही वेस्लीकडे ती गोष्ट नव्हती, आणि हे त्याला तिथंच दिसलं.

जॉर्जियातलं काम फसलं आणि तो परत आला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेला गेला, तेही मन नसताना. कुणीतरी रोमकरांस पत्रावरची जर्मन धर्मसुधारक ल्युथरची प्रस्तावना वाचत होतं. ऐकता ऐकता त्याचं अंतःकरण ऊबदार झालं, आणि प्रभूनं माझी, माझीसुद्धा पापं दूर केली अशी खात्री वाटली, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्या संध्याकाळी त्यानं काही केलं नव्हतं, ताई. एका जागी बसून ऐकलं होतं, एवढंच. आत कसं उतरतं असं तू विचारलंस. माझ्या पाहण्यात तरी ते असंच उतरतं. आपण देवाला काय दिलं ते सांगणं थांबतं आणि त्यानं काय दिलं ते ऐकू येतं. तुझं सांगणं तर परिस्थितीनंच थांबवलंय.

शेवटी तुलाच एक विचारतो. मामंजी आता शास्त्रवाचन करत नाहीत. मग देवाजवळ त्यांची किंमत कमी झाली का? याचं उत्तर दे, मग पुढं बोलू.

---

निपाणीकर वाचक

मी ख्रिस्ती नाही. घर वारकऱ्यांचं, आजोबा माळकरी. पण हा धागा वाचून एक प्रश्न पडला, मनापासून विचारतोय.

काकांनी लिहिलं ते ऐकायला गोड आहे. पण केलं काय आणि न केलं काय, जागा तीच असेल, तर माणूस काही करेलच कशाला? शेवटच्या वर्षांत आजोबांना चालवेना. दिंडी गावातून जायची तेव्हा ते ओसरीवरून हात जोडायचे आणि डोळे भरून यायचे. ते देवाला कमी पडले असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. पण ते आयुष्यभर चालले होते. ज्यानं एक पाऊल टाकलेलं नाही, त्यालाही तोच मान कसा?

सुनबाईंनी मात्र मनाला लावून घेऊ नये. आजाऱ्याची सेवा हीच मोठी पूजा, असं आमची आई म्हणते.

---

सीमेवरची सून

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि मनात लगेच आलं, छे, त्यांची किंमत कशी कमी होईल! ते मामंजी आहेत. मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा मला कानडी येत नव्हतं आणि शेजारी सगळे कानडी. मामंजी रोज संध्याकाळी मला दारात बसवून चार शब्द शिकवायचे. आज ते एक शब्द बोलत नाहीत, तरी या घरात त्यांच्याइतका मान कुणाला नाही.

पण तेच उत्तर स्वतःला देताना जीभ अडखळते. मामंजींना क्षमा आहे, मला नाही, असं काहीतरी माझ्या आत बसलंय. का ते मला कळत नाही. लहानपणी आमच्या घरी पहिला नंबर आला तरच बाबा जवळ घ्यायचे. त्याचा याच्याशी संबंध असेल.

निपाणीकर दादा, तुमच्या आजोबांचं वाचून बरं वाटलं. पण मामंजींची सेवा हीच पूजा, असं मी धरून बसले तर पुन्हा तेच होईल ना? उद्या माझीच पाठ धरली, मला हेही जमेनासं झालं, तर? मग मी पुन्हा कोणीच नाही.

---

खासबागचे काका

ताई, तू जे शेवटी लिहिलंस ते माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा नेमकं आहे. मंडळीचं काम काढून त्या जागी सासऱ्यांची सेवा ठेवली तर वही तीच राहते. प्रभूला ती वहीच काढून घ्यायची आहे.

बाबांचं लिहिलंस. त्यांच्याविषयी मी काही बोलणार नाही. पण उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठव. रात्रंदिवस शेतात राबलेला, आज्ञा कधी मोडली नाही, आणि पैसे उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बापानं मेजवानी दिली म्हणून रागावून अंगणात बाहेरच उभा. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, हे आपण विसरतो. त्याच्याशीही मायेनं बोलला, बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस आणि माझं ते सगळं तुझंच आहे. इतकी वर्षं घरात असून ते त्याला माहीतच नव्हतं.

निपाणीकर, तुमचा प्रश्न खरा आहे आणि रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलालाही लोकांनी तोच विचारला होता. ज्यानं एक पाऊल टाकलं नाही त्यालाही तोच मान का? होय, त्यालाही. वधस्तंभावरच्या चोरानं ना उपास केला, ना दान, हातपाय खिळलेले. त्याला प्रभू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. द्राक्षमळ्यात दिवस मावळायला आल्यावर आलेल्याला पूर्ण दिवसाचा रुपया मिळाला, तेव्हा सकाळपासून राबणारे कुरकुरलेच. ऐकणाऱ्याला राग यावा इतका देव उदार आहे. मलाही हिशेबनीस म्हणून ते पटायला जड गेलं.

मग काम कशाला? जक्कयाकडे बघा. जकातदार, लोकांना लुबाडलेला. प्रभू आधी त्याच्या घरी जेवायला गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलं त्याला चौपट परत करतो, हे तो त्यानंतर म्हणाला. वेस्लीही १७३८ नंतर घरी बसला नाही, पुढची पन्नासएक वर्षं घोड्यावरून, म्हातारपणी गाडीतून, गावोगाव फिरत राहिला, १७९१ मध्ये मरेपर्यंत. पण आता तो जागा मिळवायला फिरत नव्हता. मिळालेली होती म्हणून फिरत होता. तुमचे आजोबा ओसरीवर हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काय होतं? आणि तरीही तुमच्या घराला ते कमी वाटले नाहीत. उत्तराचा अर्धा भाग तर तुमच्या ओसरीवरच आहे.

---

खानापूरची नर्स

अक्का, मी खानापूर तालुक्यातली, कॅथलिक. आमच्यात कर्मावरच सगळं असं तुमच्याकडे समजतात, म्हणून आधी एवढं सांगते. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथं कॅथलिक चर्च आणि ल्युथरला मानणारी ल्युथरन चर्चेस यांनी मिळून एका घोषणेवर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही योग्यतेमुळं नव्हे तर केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं देव आपला स्वीकार करतो. २००६ मध्ये जगभरातल्या मेथडिस्टांची परिषदही त्यात आली. त्यामुळं या एका बाबतीत तुम्ही-आम्ही एकाच बाकावर.

प्रार्थनेत झोप लागते म्हणालात. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा ननच असून तिला प्रार्थनेत झोप लागायची. त्याचं दुःख करावं तर ती लिहिते, लेकरं झोपलेली असली तरी आईबापांना जागेपणी असतात तितकीच लाडकी असतात. आयुष्याच्या संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी तुझ्यासमोर येईन, असं तिनं १८९५ मध्ये प्रार्थनेत लिहिलं. १८९७ मध्ये २४ व्या वर्षी क्षयानं गेली. मिशनसाठी कुठल्या देशात गेली नाही, कुणाला बाप्तिस्मा दिला नाही. आणि १९२७ मध्ये पोपनी तिला मिशनांची आश्रयदाती केलं, ती कुणाच्या बरोबरीनं? ज्यांच्या फेस्ताला डिसेंबरात आमच्याकडची माणसं जुन्या गोव्याला जातात, त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या. एकानं अर्धं जग पालथं घातलं, एक मठाच्या भिंतीआड आजारी पडून गेली.

आता मामंजींचं, कारण मी अशा पेशंटमध्येच काम करते. बायबल ढकलतात ते विश्वास सुटला म्हणून असं धरू नका. उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा बऱ्याचदा वाचताही येत नाही. अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. आयुष्यभर ज्यांनी वाचून दाखवलं त्यांच्यापुढं तेच पुस्तक धरलं तर रडू येणारच. शिवाय झटक्यानंतर रडू आवरत नाही, मन खचतं, हा आजाराचाही भाग असतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषध असतं. पुस्तक हातात देऊ नका. तुम्ही शेजारी बसून हळू, चार ओळी वाचा.

आणि गाऊन बघा. बोलता न येणाऱ्या पुष्कळांना जुनं गीत, प्रभूची प्रार्थना, एक ते दहा आकडे असं घोटलेलं मात्र येतं. गाण्याचं काम मेंदूची दुसरी बाजूही करते. तुमच्याकडे क्वायरचा गळा आहे, अक्का. नाही आलं तरी आग्रह नको.

---

सीमेवरची सून

नर्सताई, वाचता येत नसेल हे माझ्या लक्षातच आणून दिलं नव्हतं कुणी. बायबल आता मी माझ्याजवळ ठेवलंय. काल पेज भरवून झाल्यावर त्यांच्या आवडीचं जुनं भजन म्हटलं. पहिल्या कडव्याला नुसते बघत होते. ध्रुपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा ओठ हलले आणि दोन शब्द सुरात आले. नंतर बोलायला गेले तर काही येईना, चिडले, तोंड फिरवलं. मी पुन्हा म्हटलं नाही.

काका, वही काढून घ्यायची आहे हे मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. रात्री प्रार्थनेला बसले आणि काही मांडलंच नाही. 'मी आले' एवढंच म्हटलं. मोकळं वाटलं म्हणणार नाही, विचित्र वाटलं. पण भीती नव्हती.

पास्टरसाहेबांना फोन केला. म्हणाले, प्रभुभोजन घरी आणून देतो, आधीच सांगायचं होतंस. भाकर आणि द्राक्षरस घेऊन येत्या बुधवारी येतायत. मामंजींना झटका आल्यापासून ते मिळालेलं नाही. एक अडचण आहे. पाणी पाजलं की त्यांना ठसका लागतो, म्हणून पेजही घट्ट करून देते. द्राक्षरसाचं काय करू?

---

खानापूरची नर्स

पातळ रस प्याल्यातून पाजू नका, श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. तुमच्या डॉक्टरांना उद्याच विचारून ठेवा, गिळण्याची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. ते चालेल म्हणाले तर पास्टरांना आधी सांगा, भाकरीचा अगदी लहान तुकडा रसात पूर्ण भिजवून मऊ करून द्यायचा. पलंगावर रेलून नाही, खुर्चीत ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, घास डाव्या बाजूनं. गिळला की नाही ते बघा, तोंडात उरलेलं नाही ना तेही, मगच पुढचं. नंतर अर्धा तास आडवं करू नका. आणि त्यांच्यानंतर तुम्हीही घ्या, तुम्हालाही पावसाळ्यापासून मिळालेलं नाही.